गुलमोहराचा कंपाउंडर

आमच्या घरमालकांनी मला आयुष्यात कधी नावानं हाक मारली नाही. त्यांच्या लेखी मी ‘ॲसिडिटी’ होते. माझे यजमान ‘बीपी’, सासूबाई ‘गुडघे’, आणि शेजारचे कापडदुकानवाले आण्णा ‘सायटिका’. नवीन भाडेकरू आला की खोली दाखवायच्या आधी ते त्याला जीभ दाखवायला लावायचे. मीही दाखवली होती. नांदेडहून नवीन लग्न होऊन लातूरला आलेली मी, एका हातानं डोक्यावरचा पदर सावरत, सासूबाईंच्या देखत परक्या गृहस्थासमोर जीभ काढून उभी. “चहा कमी करा बाई,” ते म्हणाले आणि किल्ली दिली. चहा मी आजतागायत कमी केलेला नाही, त्यामुळं नाव टिकून राहिलं.

सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून त्यांची नोकरी झाली होती. बाटलीत गुलाबी औषध, बाटलीला कातरलेल्या कागदाची पट्टी, आणि त्या पट्टीच्या खाचांवरून डोस ओळखायचा, तो जमाना. रिटायर झाल्यावर बाकी सगळं त्यांनी जमा केलं, पांढरा कोट तेवढा दिला नाही. एका डॉक्टरानं निरोपाच्या दिवशी आपला जुना स्टेथोस्कोप त्यांच्या गळ्यात घातला होता, तोही कोटाच्या खिशात असायचा. गल्ली त्यांना कंपाउंडरचाचा म्हणायची. मीही तेच म्हणते.

संध्याकाळी कोट चढवून ते अंगणात निघायचे. त्याला फिरायला जाणं म्हटलेलं त्यांना चालत नसे. तो राउंड होता. कुंड्यांची रांग म्हणजे जनरल वॉर्ड. मोरीशेजारचा कोपरा म्हणजे साथीच्या रोगांचा वॉर्ड. गुलाबाच्या पानावर पांढरी भुरी दिसली की कुंडी उचलून तिकडं भरती. शेजारच्या कुंडीला लागण होऊ नये म्हणून मध्ये वीट उभी करायचे. माझी तुळस तर कायमची तिथंच असायची. “ॲसिडिटी, पाणी कमी,” एवढंच म्हणायचे. माझ्या हातात तांब्या आला की मला थांबता येत नाही, हे माझं सगळं माहेर जाणतं.

चाची पडवीत तांदूळ निवडत हे बघायच्या आणि मला म्हणायच्या, “मेरेकू बुखार आया तो पूछते नै. गुलाब कू छींक आयी तो घर सर पे उठाते.” घरच्या पेशंटला चाचांनी नाव दिलेलं नव्हतं. स्वतःलाही नव्हतं, आणि ते खरं तर ‘शुगर’ असायला हवं होतं. झाडांना मापानं पाणी पाजणारा हा माणूस जिलबी मात्र बेमाप खायचा. चाची डबा लपवायच्या. कुठं लपवला ते चाचा मला विचारायचे, आणि मी सांगायची. भाडेकरूनं मालकाशी गोड राहावं, असं माझ्या आईनं सांगितलं होतं.

त्यांचं एक वाक्य गल्लीत पाठ होतं. एखादं रोप वाळून काटकी झालं, चाची म्हणाल्या की फेका आता, तर चाचा मान हलवायचे. “इलाज बंद करायचा अधिकार पेशंटचा. आपला न्हाई.”

या सगळ्या वॉर्डाचा बडा पेशंट म्हणजे अंगणातला गुलमोहर. घराहून मोठा. मे महिन्यात रस्त्यावरून घर दिसायचंच नाही. पाहुण्याला पत्ता सांगताना आम्ही ‘लाल घर’ म्हणायचो आणि पाहुणा भिंतींचा रंग शोधत फिरायचा. तेव्हा त्याला काही झालेलं नव्हतं. चाचा राउंड संपताना त्याच्या खोडावर नुसती थाप मारायचे, जसं डॉक्टर डिस्चार्ज झालेल्या माणसाला मारतात.

मग भूकंप झाला.

त्या पहाटे मी किती धैर्यानं वागले ते आमच्या घरात अजून सांगितलं जातं. जमीन गुरगुरली, भांडी पडली, आणि मी जिवाच्या आकांतानं अंगणात पळाले. हातात कुकरचं झाकण होतं. यजमान आत झोपलेले होते. त्यांना उठवावं हे मला सुचलं नाही, झाकण घ्यावं हे मात्र सुचलं. गुलमोहराखाली बॅटरी घेऊन चाचा उभे होते, अंगावर लुंगी आणि वर कोट, आणि हजेरी घेत होते. “ॲसिडिटी आली. गुडघे आले. बीपी कुठाय? बीपी!” मग स्वतः आत शिरून त्यांनी माझ्या नवऱ्याला दंडाला धरून बाहेर आणलं. लग्न टिकलं, पण कुकर लावताना यजमान अजून माझ्याकडं बघतात.

लातुरात आमच्या बाजूला पडझड फार नव्हती. भिंतींना तडे गेले, पण घरं उभी होती. तरी आत जायची कुणाची छाती होत नव्हती. सगळी गल्ली त्या झाडाखाली आली. आण्णांच्या दुकानातल्या चादरी, कुणाची ताडपत्री, विटांच्या चुली. मधूनच जमीन हलायची. कधी नुसती गुलमोहराची वाळकी शेंग पत्र्यावर पडायची आणि आम्ही सगळे उठून धावायचो, मी सगळ्यांच्या पुढं.

चाचा मात्र पहिल्याच दिवशी निघून गेले होते. निलंग्याकडच्या एका गावात त्यांची बहीण दिली होती. बरेच दिवसांनी परत आले तेव्हा पांढरा कोट मातीच्या रंगाचा झाला होता. बहिणीकडचं कुणी उरलं नव्हतं. तिथं ते बाकीच्यांच्या मलमपट्ट्या करत राहिले होते. येताना एका ट्रकवाल्यानं त्यांच्याबरोबर एक घडवलेला दगड उतरवून दिला. बहिणीच्या घराचा उंबरा. चाचांनी तो अंगणात ठेवला आणि आत जाऊन झोपले. त्या गोष्टीबद्दल पुढं आम्ही कुणी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

थंडीत लोक आपापल्या घरात गेले आणि मग सगळ्यांनाच वाटलं, की ज्या झाडानं सांभाळलं त्याच्यासाठी काहीतरी करावं. आता झाडासाठी काय करायचं? आमच्याकडं उपकार फेडायचे म्हटलं की सिमेंट लागतं. खोडाभोवती ओटा बांधायचं ठरलं. कुणी विटा दिल्या, आण्णांनी सिमेंटची पोती, माझ्या यजमानांनी पाटबंधारे खात्यातला ओळखीचा गवंडी. आत भरपूर काळी माती भरली, वर गुळगुळीत कोबा केला. चढायच्या जागी चाचांनी तो उंबरा बसवला. सासूबाईंनी पहिल्या दिवशी खोडाला हळदकुंकू लावलं आणि बुडाशी तांब्याभर पाणी ओतलं. मग ते रोजचंच झालं. त्यांचं बघून आणखी बायका यायला लागल्या. गुलमोहराला कधी कुणी पुजलेलं मी ऐकलं नव्हतं, पण आमच्या गल्लीत तो देव झाला, आणि मुसलमानाच्या अंगणात देव झाला याचं कुणाला काही वाटलं नाही. चाची तर ओट्यावरचं कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून कडेनं झाडायच्या.

पुढं लातुराला क्लासेसचं वेड लागलं. दिसेल त्या भिंतीवर गुणवंतांचे फोटो, दिसेल त्या खोलीत चार कॉट. उदगीर, निलंगा, पार हिमायतनगरहून पोरं यायची, आईबाप पिठाचा डबा आणि गादी उतरवून द्यायचे, आणि जाताना रडायचे. मी डबे द्यायला लागले. माझ्या हातचं वरण खाऊन बरीच पोरं डॉक्टर झाली. ती वरणामुळं झाली नाहीत, वरण खाऊनसुद्धा झाली, असं चाचा म्हणायचे. पोरांनाही त्यांनी नावं ठेवली होती; एक ‘जागरण’, एक ‘चष्मा’, आणि सगळ्यांना मिळून ‘अपचन’, ते अर्थातच माझ्या नावावर.

आण्णांनी आपल्या अंगणात, आमच्या भिंतीला लागून, पत्र्याची लांबलचक अभ्यासिका काढली. गुलमोहराच्या जाड फांद्या तिच्यावर आडव्या पसरलेल्या. उन्हाळ्यात पत्रा तापायचा नाही, म्हणून पोरं तिथंच बसायला भांडायची. पोरं हातपाय धुवायची ओट्याच्या नळावर, डबे विसळायची ओट्यावर. खोड सदा ओलं.

एका पावसाळ्यात ओट्याच्या कोब्यातून, खोडाला चिकटून, अळंबीसारखी एक छत्री उगवली. वरून वॉर्निश मारल्यासारखी तपकिरी, कडेला पांढरी. सासूबाईंना वाटलं, देवाचा काही संकेत असावा. त्यांनी तिलाही कुंकू लावलं. चाचांनी राउंडला बघितलं, खाली वाकले, आणि कोटाच्या खिशातून स्टेथोस्कोप काढला. स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं खोडावर ठोकत ते ऐकत गेले. वर टणटण वाजत होतं. बुडाशी, आमच्या बाजूला, ढब आवाज आला. ते पुन्हा पुन्हा तिथंच ठोकत राहिले.

“बुरशी,” ते म्हणाले. “आतून पोकळ करून राहिली.”

आता कंपाउंडरला बुरशी म्हणजे गजकर्ण. दवाखान्यात गजकर्णाला जे जांभळं औषध फासायचे ते चाचांनी बादलीभर कालवलं आणि झाडाला फासलं. झाड कमरेपर्यंत जांभळं झालं. गल्ली बघायला आली. आण्णा भिंतीवरून म्हणाले, “चाचा, खाज उठली की सांग म्हणावं त्याला.” पावसानं जांभळा रंग ओट्यावर उतरला, ओट्यावरून मी वाळत घातलेल्या धोतरावर गेला, आणि यजमान ते धोतर पुढं होळीला म्हणून राखून ठेवायला लागले. छत्री काही गेली नाही. शेजारी दुसरी आली.

मग चाचांनी ती छत्री कापून रुमालात बांधली आणि परभणीला गेले. तिथं शेतीच्या कॉलेजात झाडांच्या रोगांचे एक सर होते. परत आले तेव्हा आम्ही सगळे ओट्यावर वाटच बघत होतो. सरांनी छत्री बघताच सांगितलं होतं की हा मुळांचा रोग आहे, बरा होत नाही, झाड तोडलेलं बरं.

“मग?” यजमानांनी विचारलं.

“मग काय, मी म्हणलो, सर, बरा होत न्हाई ते समजलं. सांभाळता येतो का ते सांगा. मलाबी साखर हाय, ती कुठं बरी होतीय.” सर हसले म्हणे, आणि त्यांना समोर बसवून घेतलं. सडलेला भाग ताज्या लाकडापर्यंत कोरून काढायचा. निळा मोरचूद आणि चुना कालवून त्याचा लेप द्यायचा. मुळांपाशी शेणखतातून दुसरी, चांगली बुरशी सोडायची, ती वाईट बुरशीला खाते. बुडाशी पाणी बंद. फांद्यांचा भार कमी. आणि सगळ्यात आधी बुंधा उघडा करायचा.

“बुंधा उघडा म्हणजे?” सासूबाई म्हणाल्या.

चाचांनी आम्ही बसलो होतो त्या कोब्यावर हात ठेवला.

इकडं आण्णांच्या कानावर ‘झाड तोडलेलं बरं’ एवढंच गेलं होतं. त्यांनी नगरपालिकेत अर्ज दिला. मला त्यांचा तेव्हा फार राग आला होता; आज येत नाही. ते स्वतः भिंतीपाशी येऊन सांगून गेले, चोरून काही केलं नाही.

“चाचा, पोरं लोकांची हायत. उद्या हे पत्र्यावर आलं तर त्यांच्या आईबापाला काय तोंड दाखवू मी?”

“तुझ्या पत्र्यावर न्हाई येणार. पडलाच तर माझ्या अंगणात पडंल. जबान दिली.”

“झाड जबान पाळत असतंय का?”

“झाड न्हाई. मी पाळतो की.”

“लई हट्टी माणूस हाय तू,” आण्णा म्हणाले.

“आणि तुझी कंबर कशी हाय, सायटिका?”

“दुखून राहिली,” आण्णा म्हणाले आणि निघून गेले.

नगरपालिकेचा माणूस आला, झाडाभोवती फिरला, आणि चाचांनी त्याला सगळा इलाज इतका तपशिलात ऐकवला की त्यानं पावसाळा सरेपर्यंतची मुदत दिली. तोवर झाड सुधारलं नाही तर तोडायचं. जाताना चाचांनी त्याला घसा शेकायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा कोट घालून, हातात पहार घेऊन बाहेर आले. ओट्यावर सासूबाई बसल्या होत्या. खाली पाट, हातात जपमाळ. त्यांच्या मागं गल्लीतल्या तीन-चार बायका. मी कुणाच्या बाजूनं आहे हे मला ठरवता येईना, म्हणून मी चहा ठेवायला आत गेले आणि खिडकीतून बघत राहिले.

“गुडघे, उठा.”

“न्हाई उठत. ह्या झाडानं आम्हाला पदराखाली घेतलं, चाचा. त्याचा ओटा फोडायला तुमचा हात तरी कसा उचलतो?”

“ओट्यानंच गुदमरून राहिलंय ते. बुंधा म्हणजे त्याचा गळा हाय. आपण त्याला गळ्यापर्यंत मातीत घातलं. वर सिमिट केलं. वरून रोज पाणी ओतलं.” चाचा श्वास घ्यायला थांबले. “पुरलेला माणूस किती दिस जगतो, बाई?”

बोलून झाल्यावर चाचांनी पहार जमिनीवर टेकवली. मातीच्या रंगाचा तो कोट मला आठवला, आणि मला वाटतं, सगळ्यांनाच आठवला.

मग चाचांनी पहार फिरवली. ते ओट्याच्या मागच्या बाजूनं सुरुवात करतील, सासूबाईंना सोडून कडेनं फोडतील, असं मला वाटलं होतं. ते चढायच्या जागी गेले. पहारेचं टोक त्यांनी बहिणीच्या उंबऱ्याखाली घातलं आणि सगळं अंग त्यावर टाकलं. पहिल्यांदा दगड हलला नाही. दुसऱ्यांदा सिमेंट तडकलं. चाचांच्या कपाळावरची शीर फुगली होती, आणि चाची दारातून पळत येऊन पहारेला लोंबकळल्या, तसा उंबरा सुटून खाली आला.

सासूबाई उठल्या. पाट उचलला, जपमाळ गळ्यात घातली, गुडघ्यांवर हात ठेवत खाली उतरल्या आणि माझ्या खिडकीकडं बघून म्हणाल्या, “चहा कसला करून राहिलीस, घमेलं आण.”

दुपारपर्यंत अर्धी गल्ली माती उपसत होती. अभ्यासिकेतली पोरंही भिंतीवरून उड्या टाकून आली. त्या दिवशी फिजिक्सचा पेपर होता असं मला मागाहून कळलं. उंबरा चाचांनी स्वतःच्या दाराला बसवला. तेव्हापासून त्या घरात जाताना आम्ही पाय जरा जपून ठेवायचो.

बुंधा उघडा पडला तेव्हा एका बाजूची मोठी मुळं हातानं चुरगळता येत होती. सुताराची पटाशी घेऊन चाचा कोरत राहिले. काळं, तपकिरी, मग पिवळट, आणि शेवटी ओलं पांढरं लाकूड लागलं तेव्हा त्यांनी पटाशी खाली ठेवली आणि मला म्हणाले, “जिवंत हाय.” मग मोरचूद आणि चुना. पहिल्यांदा त्यांनी ते चाचींच्या लोखंडी बादलीत कालवलं. मोरचूदानं बादलीच खाल्ली. बुडाला भोक पडून निळं पाणी चाचांच्या चपलेत. चाचींचं त्या दिवशीचं बोलणं मी इथं लिहीत नाही. दुसऱ्यांदा प्लास्टिकची बादली आणली. वेगळा भिजवलेला चुना, वेगळा विरघळवलेला मोरचूद, मग दोन्ही एकत्र, आणि मग चाचांनी माझ्याकडं हात केला.

“ॲसिडिटी, विळा आण.”

भाजीचा विळा त्यांनी त्या निळ्या लेपात बुडवला, थोडा वेळ धरला आणि उन्हात बघितला. पात्यावर तांबूस झाक आली होती. म्हणजे मोरचूद मोकळा राहिलाय, झाडाला भाजेल. आणखी चुना. पुन्हा विळा. पातं स्वच्छ निघालं तेव्हा ब्रश हातात घेतला. माझी त्या दिवशीची मेथी मला दगडावर खुडावी लागली, आणि वरणात चुना लागतोय अशी पोरांची तक्रार आली, ती खोटी होती.

सासूबाईंनी तांब्या सोडला नाही. चाचांनीही सोडवला नाही. फक्त जागा बदलून दिली. फांद्यांची सावली जिथं संपते तिथं, भिंतीपाशी, मुळांच्या टोकांना पाणी घालायचं. “देवाला इथं आणि आंघोळ तिथं,” असं पुटपुटत सासूबाई रोज भिंतीपाशी तांब्या ओतायच्या.

आण्णांकडच्या फांद्या चाचांनी हलक्या केल्या. एकदम नाही, दर वर्षी थोड्या, आणि प्रत्येक कापावर निळा लेप. झाड हळूहळू एका खांद्यावर ओझं घेतलेल्या माणसासारखं दिसायला लागलं. सगळा भार चाचांच्या घराकडं.

मुदतीचा तो पावसाळा सरत आला आणि बुंध्याशी पुन्हा एक छत्री दिसली. बटणाएवढी. चाचांच्या आणि माझ्याशिवाय कुणी पाहिली नव्हती. नखानं खुडली असती तर संपलं असतं. मी त्यांना तसं सुचवलंसुद्धा. चाचांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा जीभ आत घेतली. मग भिंतीपाशी जाऊन त्यांनी हाक मारली.

“सायटिका, ये, बघून जा. आलीय एक.”

आण्णा फाटकातून आले. कमरेवर हात ठेवून वाकले, बघितलं. बराच वेळ वाकलेलेच राहिले. कंबर धरली असेल असं मला वाटलं.

“मग आता?” त्यांनी विचारलं.

“आता परत.”

आण्णा कंबर सरळ करत फाटकातून परत गेले. अर्ज त्यांनी परत घेतला हे आम्हाला नगरपालिकेच्या माणसाकडून कळलं. त्याचा घसा बरा झाला होता.

मग वर्षांमागून वर्षं तसंच चाललं. छत्री यायची, चाचा कोरायचे, लेप द्यायचे, सर म्हणाले होते ते खत घालायचे. कधी दोन पावसाळे काहीच यायचं नाही आणि चाचा जिलबी खायचे. झाड बरं झालं नाही. तोडावंही लागलं नाही. मे महिन्यात ते अर्ध्या अंगानं लाल व्हायचं. पोरांच्या पिढ्या बदलल्या, गल्लीत चार मजली होस्टेलं उठली. चाचांनाही पुष्कळ जण म्हणाले, अंगणात मजले चढवा. चाचा त्यांना जीभ दाखवायला सांगायचे.

शेवटी चाचांच्याच पायाला जखम झाली आणि साखरेनं ती भरू दिली नाही. दवाखान्यात मी डबा घेऊन जायची. तिथल्या कंपाउंडरनं पट्टी चुकीची बांधली म्हणून ते त्याच्याशी भांडले, आणि मग स्वतःच त्याला शिकवली. जायच्या आधी शुद्ध होती. मला म्हणाले, पावसाआधी लेप चुकवू नका, विळा बुडवल्याशिवाय लावू नका. मी बरं म्हटलं. “आणि वरणात तिखट कमी,” म्हणाले.

चाचा गेल्यावर पहिल्या वर्षी मी एकटीच लेप कालवत बसले होते. आण्णा भिंतीवरून बघत होते. थोड्या वेळानं फाटकातून आत आले, बादली धरली, आणि लेप संपल्यावर हात धुऊन गेले. तेव्हापासून दर वर्षी ते यायचे.

गुलमोहर पडला तो वळवाच्या वाऱ्यात, भर दुपारी. चाची उदगीरला लेकीकडं गेल्या होत्या. आधी करकर आवाज झाला. मी आमच्या घराण्याच्या परंपरेप्रमाणे पळत बाहेर आले, आणि या खेपेला यजमानांना ओढत आणलं, याची कृपया नोंद घ्यावी. झाड डोळ्यांदेखत झुकत गेलं. चाचांच्या घराकडं. फाटक मोडलं, पडवी बसली, माझी डब्यांची मांडणी सपाट झाली. शेंडा बरोबर त्या उंबऱ्यावर येऊन टेकला. पलीकडं अभ्यासिकेच्या पत्र्यावर थोडी पानं उडाली होती. आतली पोरं दारात येऊन उभी होती.

आण्णा काठी टेकत आले. आता ते बरेच म्हातारे झाले होते. पडलेल्या झाडाकडं बघितलं, मग आपल्या पत्र्याकडं, मग पुन्हा झाडाकडं.

“जबान दिली होती त्यानं,” एवढंच बोलले.

लाकूड गेलं. अंगण इतकं उघडं पडलं की उन्हात मला माझंच घर सापडेना. बुंधा तेवढा राहिला, कारण तो काढायला मशीन लागलं असतं आणि चाची म्हणाल्या, राहू द्या.

पुढल्या वर्षी पावसाच्या आधी मी दारात मेथी निवडत होते, तर आण्णा फाटकातून आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात प्लास्टिकची बादली, बादलीत चुना आणि मोरचुदाची पुडी. बुंध्याशी जाऊन कमरेला हात लावत ते सावकाश खाली बसले. आता ह्यात काय राहिलंय, असं मी त्यांना म्हटलं. बुंध्याच्या त्यांच्याकडच्या बाजूला, सालीतून, बोटाएवढं हिरवं काहीतरी बाहेर आलेलं होतं, पण त्याला झाड म्हणायची माझी हिंमत नव्हती.

“पेशंट न्हाई म्हणला का अजून?” आण्णा म्हणाले.

त्यांनी चुना कालवला, मोरचूद कालवला, दोन्ही एकत्र केले, आणि वर न बघताच माझ्याकडं हात पसरला.

“ॲसिडिटी, विळा आण.”